कुंचल्याचा फटकारा : ठाशीव कड, बदलता रंग आणि अबाधित मूळ चित्र

संगणकावर चित्र रंगविताना कुंचल्याचा फटकारा ठाशीव कडेचा कसा उमटवावा, त्याचा रंग पुढे केव्हाही कसा बदलता यावा, आणि हे सारे करीत असता खालच्या मूळ चित्राच्या एकाही कणास धक्का कसा लागू नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता विषय लहान वाटेल. परंतु आपल्या वसतिशाळेतून बाहेर पडलेले कितीतरी माजी विद्यार्थी आज डीटीपीच्या दुकानांत, फ्लेक्स छपाईच्या कामांत आणि कापडी पिशव्यांच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये आपली रोजीरोटी मिळवीत आहेत. त्यांच्या हातून रोज हेच काम होते आणि बहुधा घाईने होते. कलाविभागात शिकविताना आम्ही ही पद्धत विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ती एकदा लिहून ठेवावी, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांसही ती हाताशी राहील आणि आपला मुलगा संगणकासमोर तासन्‌तास बसून नेमके काय करतो असा प्रश्न ज्या पालकांना पडतो त्यांनाही थोडी कल्पना येईल, या हेतूने हे लेखन केले आहे.

प्रथम कडेचा विचार करू. संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे बारीक चौकोनी कणांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. एका पिक्सेलला एकच रंग धारण करता येतो. गोल कुंचल्याची कड जेव्हा अशा एखाद्या पिक्सेलच्या मधून जाते, तेव्हा तो पिक्सेल अर्धा निळा आणि अर्धा पांढरा होऊ शकत नाही. म्हणून संगणक त्यास फिकट निळा करून टाकतो. डोळ्यांना कड गुळगुळीत दिसावी यासाठी केलेली ही युक्ती आहे. फोटोशॉपमध्ये ब्रशचा कठीणपणा, म्हणजे हार्डनेस, शंभर टक्के ठेवला तरी कडेला या फिकट पिक्सेलची एक बारीक किनार राहतेच. कठीणपणा शून्यावर आणला तर मध्यापासून कडेपर्यंत रंग हळूहळू विरत जातो.

ही फिकट किनार पडद्यावर पाहताना त्रास देत नाही. ती त्रास देते पुढे. समजा, निळा फटकारा पिवळा करावयाचा आहे. नवशिका कारागीर रंगाची बादली उचलतो आणि फटकाऱ्यात ओततो. मधला भाग पिवळा होतो, परंतु कडेचे फिकट निळे कण तसेच राहतात आणि पिवळ्या पट्टीभोवती एक मळकट निळसर रेघ दिसू लागते. मग ती रेघ पुसण्यासाठी कड खोडावयाची, खोडताना पट्टीचा आकार बिघडतो, आकार सुधारण्यासाठी पुन्हा रंगवावयाचे, आणि या खटाटोपात खालचे छायाचित्रही खरवडले जाते. चौदा एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी ज्यांनी मंडळाचे फलक तयार करून दिले आहेत, त्यांस याविषयी अधिक सांगणे नको. रात्री नऊ वाजता कार्यकर्ते येतात आणि निळा जरा गडद हवा होता, असे म्हणतात. त्यांचे म्हणणे चुकीचे नसते. निळ्याच्या छटेविषयी आपल्या लोकांची नजर फार तीक्ष्ण आहे.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तर या किनारीचा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. तेथे प्रत्येक रंगासाठी जाळीची वेगळी चौकट लागते. जाळीवर प्रकाशाने कठीण होणारे रसायन लावतात, त्यावर काळ्या आकृतीची पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश देतात. जेथे काळे असेल तेथे प्रकाश पोहोचत नाही, तेथील रसायन पाण्याने धुऊन निघते आणि पुढे त्या वाटेने शाई कापडावर उतरते. या कामात काळे आणि पारदर्शक एवढ्या दोनच अवस्था चालतात. फिल्मवर करडी कड आली की जाळीत ती धड उघडत नाही आणि धड बंदही राहत नाही. कापडावर कड कुरतडल्यासारखी उमटते. करड्या छटा छापण्यासाठी ठिपक्यांची निराळी पद्धत आहे, पण ठाशीव फटकाऱ्यासाठी तिचे काम नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ब्रश सोडून पेन्सिलचे साधन घेणे. फोटोशॉपमधील पेन्सिल फिकट कण निर्माण करीत नाही, तिची कड स्वच्छ असते. परंतु एकदा ओढलेली रेघ तशीच राहते. तिची जाडी नंतर वाढविता येत नाही, आणि चित्र मोठे केले की कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसू लागतात. म्हणजे कडेचा प्रश्न सुटला, तरी पुढील बदलांचा सुटला नाही.

पुढील बदलांची सोय नसणे किती महाग पडते याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. एका कार्यक्रमाच्या भित्तिपत्रकासाठी विद्यार्थ्यांचे एक जुने सामूहिक छायाचित्र एका छपाईच्या दुकानात देण्यात आले होते. तेथील कारागिराने ते स्कॅन केले, शीर्षकासाठी जागा हवी म्हणून वरच्या बाजूस रुंद निळा फटकारा थेट छायाचित्रावरच ओढला आणि तीच फाईल जेपेगमध्ये जतन केली. भित्तिपत्रक सुरेख झाले. पुढे कागदावरची मूळ प्रत पावसाळ्यातील ओलीने खराब झाली आणि शिल्लक राहिली ती केवळ ही फाईल. मागच्या रांगेत उभी असलेली तीन मुले त्या निळ्या पट्टीखाली गेली आहेत. त्यांपैकी एकाची मुलगी पुढे वडिलांचे शाळेतील छायाचित्र मागावयास आली, तेव्हा तिला दाखविण्यासारखे काहीही नव्हते. फटकारा वेगळ्या थरावर असता, तर त्या थरासमोरील डोळ्याच्या खुणेवर एक टिचकी मारणे पुरेसे झाले असते.

थरांची, म्हणजे लेयरची, सोय काही आजची नाही. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये निघाली. तीत थर नव्हते, रंगविले ते रंगविले. थर १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आले. त्यानंतर दोन वर्षांनी, चौथ्या आवृत्तीत, अॅडजस्टमेंट लेयर आले, आणि आमच्या मते खरी क्रांती ही दुसरी होय. या थरात स्वतःचे चित्र नसते. खालच्या थरांकडे कसे पाहावे, एवढीच आज्ञा त्यात असते. आज्ञा काढून घेतली की खालचे चित्र जसेच्या तसे असते. आपल्या कामास उपयोगी पडणारी आज्ञा थ्रेशोल्ड नावाची आहे.

थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. प्रत्येक पिक्सेलची उजळी ० पासून २५५ पर्यंतच्या आकड्याने मोजली जाते. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. थ्रेशोल्डला आपण एक आकडा देतो, आपण न दिल्यास तो १२८ असतो. त्यापेक्षा काळपट असलेला प्रत्येक पिक्सेल पूर्ण काळा होतो आणि उरलेले सर्व पूर्ण पांढरे. मध्ये उभे राहण्यास कोणासही जागा नाही. फिकट किनार येथेच संपते.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वांत खाली छायाचित्राचा थर असावा आणि त्यास कुलूप लावावे. त्याच्या वर एक नवा ग्रुप करावा. ग्रुपमध्ये तळाशी पांढऱ्या रंगाने भरलेला थर ठेवावा. त्यावर एक रिकामा थर घ्यावा. फटकारे याच थरावर, काळ्या रंगाने ओढावयाचे आहेत. त्याच्या वर थ्रेशोल्डचा थर ठेवावा. सर्वांत वर सॉलिड कलरचा थर घेऊन त्यात हवा तो रंग, समजा निळा, निवडावा आणि त्या थराची मिश्रणपद्धती स्क्रीन करावी. या स्क्रीनचा छपाईच्या जाळीशी संबंध नाही. नावे सारखी असल्याने विद्यार्थी हमखास गोंधळतात. शेवटी संपूर्ण ग्रुपची मिश्रणपद्धती मल्टिप्लाय करावी. छायाचित्रावर ठाशीव कडेचे निळे फटकारे दिसू लागतील.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय कृती पाठ करू नये. स्क्रीन पद्धतीत काळ्यावर जो रंग पडेल तो दिसतो आणि पांढरे पांढरेच राहते. म्हणून काळे फटकारे निळे झाले. मल्टिप्लायमध्ये याच्या उलट, पांढरे अदृश्य होते आणि रंग खालच्या चित्रावर शाईप्रमाणे चढतो. म्हणून पांढरा कागद नाहीसा होऊन निळा तेवढा उरला. रंग आता फटकाऱ्यात नाहीच. फटकारा एका थरात आहे, त्याची कड दुसऱ्या थरात आणि रंग तिसऱ्या थरात. रात्री नऊ वाजता कोणी गडद निळा मागितला, तर सॉलिड कलरच्या लहान चौकोनावर दोनदा टिचकी मारून रंग बदलावा. कडेला जुन्या रंगाची रेघ राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दोन ठिकाणी बहुतेकांचे काम अडते. ग्रुपची मिश्रणपद्धती फोटोशॉप आपण होऊन पास थ्रू ठेवते. तशीच राहिली तर थ्रेशोल्डची आज्ञा ग्रुपच्या भिंती ओलांडून खालच्या छायाचित्रालाही लागू होते आणि सारे छायाचित्र काळेपांढरे होऊन बसते. मल्टिप्लाय किंवा नॉर्मल केले की आज्ञा ग्रुपच्या आत राहते. दुसरी अडचण पांढऱ्या थराची. पुष्कळांना तो निरर्थक वाटतो व ते तो काढून टाकतात. मग कड पुन्हा विरघळलेली दिसते. याचे कारण असे की, थ्रेशोल्ड उजळी पाहते, पारदर्शकता पाहत नाही. रिकाम्या थरावरील फटकाऱ्याची कड ही करडी नसून अर्धपारदर्शक काळी असते. खाली पांढरा कागद असेल तेव्हाच ती करडी होते आणि उंबरठ्याच्या तावडीत सापडते.

आता या पद्धतीतील आम्हांस सर्वांत आवडणारी गोष्ट. ठाशीव कड हवी असेल, तर मऊ ब्रश घ्यावा. हे विधान विचित्र वाटेल, परंतु करून पाहावे. कठीण ब्रशने ओढलेल्या रेघेची करडी किनार इतकी अरुंद असते की थ्रेशोल्डचा आकडा ६० केला काय आणि २०० केला काय, फरक जेमतेम दिसतो. मऊ ब्रशच्या फटकाऱ्यात मात्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रुंद उतार असतो. आकडा वाढविला की उतारावरील अधिक पिक्सेल काळ्यात जमा होतात आणि फटकारा जाड होतो. कमी केला की बारीक होतो. सर्व फटकारे ओढून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, छपाईवाल्याने बारीक रेघा जाळीत बंद होतील असे सांगितल्यावरही, एक सरकपट्टी हलवून त्यांची जाडी वाढविता येते. आणखी एक गंमत आहे. दोन मऊ फटकारे एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांच्या फिकट कडा एकमेकींवर चढून काळपट होतात, उंबरठा ओलांडतात आणि दोन फटकारे मध्ये पूल बांधून एक होतात. ओल्या कागदावर शाईचे दोन थेंब जसे मिळून जातात, तसेच हे दिसते. यामुळे संगणकावरील यांत्रिक रेघेत हाताचा ओलावा येतो.

मऊ उताराचा लाभ चित्र मोठे करतानाही होतो. पेन्सिलने काढलेली कड दुप्पट केली की पायरीही दुप्पट होते. मऊ फटकारा मोठा केला तर उतारही गुळगुळीतपणे मोठा होतो, आणि थ्रेशोल्डची आज्ञा जिवंत असल्याने ती नव्या मापावर कड नव्याने कापून देते. पिशवीवरील आकृती फलकासाठी वापरावयाची असेल तेव्हा याचा अनुभव घ्यावा. मात्र हे सर्व जोवर थर वेगळे आहेत तोवरच. एकदा ते एकत्र चेपले की कड गोठली.

तरीही उंबरठ्याने कापलेली कड ही शेवटी चौकोनी कणांचीच असते, म्हणून चित्राची घनता पुरेशी ठेवावी. इंचाला ३०० पिक्सेल असतील तर एका पिक्सेलची बाजू सुमारे ०.०८५ मिलिमीटर भरते आणि पायरी सहसा डोळ्यांना दिसत नाही. इंचाला ७२ असतील तर ती सुमारे ०.३५ मिलिमीटर होते आणि हातात धरलेल्या कागदावर स्पष्ट दिसते. ए-फोर आकाराच्या कागदासाठी ३०० च्या घनतेने २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. फिल्म काढावयाची असल्यास आम्ही ६०० धरतो. उंच टांगावयाच्या मोठ्या फलकास इंचाला १०० सुद्धा पुरते, कारण तो कोणी वीतभर अंतरावरून वाचीत नाही. आणि कड तपासताना पडद्यावर चित्र शंभर टक्के मापातच पाहावे. लहान करून पाहिल्यास संगणक दाखविण्यापुरते कण मिसळतो आणि नसलेला करडेपणा दिसतो.

स्क्रीन प्रिंटिंगसाठी याच फाईलमधून फिल्मही निघते. प्रत्येक रंगासाठी एक ग्रुप करावा. पहिल्या ग्रुपची प्रत काढून तिच्यातील फटकारे आणि रंग बदलले की दुसरा तयार. छापण्याच्या वेळी छायाचित्र आणि इतर ग्रुप झाकून ठेवावेत, हव्या त्या ग्रुपमधील सॉलिड कलरचा डोळाही मिटावा. पडद्यावर निव्वळ काळे आणि पांढरे उरते. तीच त्या रंगाची फिल्म.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. मल्टिप्लाय खालच्या चित्रास नेहमी गडदच करते. पांढऱ्या छपाईच्या कागदावर किंवा फिकट छायाचित्रावर निळा, तांबडा, हिरवा उत्तम दिसतात. पण काळपट छायाचित्रावर पिवळा फटकारा चिखलासारखा दिसतो आणि पांढरा तर दिसतच नाही. खालचे काहीही न दिसणारा अपारदर्शक रंग हवा असेल तर मास्कचा आश्रय घ्यावा. ग्रुपमधील रंगाचा थर झाकून फक्त काळेपांढरे दिसू द्यावे, चॅनेल्सच्या यादीत सर्वांत वरच्या आरजीबीच्या चौकोनावर कंट्रोल दाबून टिचकी मारावी, म्हणजे पांढरा भाग निवडला जातो. ती निवड उलटी करून काळे फटकारे निवडावेत आणि मग ग्रुपच्या बाहेर, त्याच्या वर, नवा सॉलिड कलर घ्यावा. निवडलेल्या आकाराचा मास्क त्यास आपोआप लागतो. रंग येथेही केव्हाही बदलता येतो. जाडी बदलावयाची झाल्यास मात्र झाकून ठेवलेल्या ग्रुपकडे परत जाऊन मास्क नव्याने करावा लागतो. म्हणून तो ग्रुप पुसू नये.

फोटोशॉप विकत घेणे सर्वांना परवडत नाही, आणि चोरून वापरावे असे आम्ही विद्यार्थ्यांना कधीही सांगत नाही. त्याची गरजही उरलेली नाही. क्रिता हे विनामूल्य सॉफ्टवेअर चित्रकारांसाठीच बनविलेले आहे. त्यात थ्रेशोल्ड फिल्टरच्या स्वतंत्र थराच्या रूपाने ठेवता येते, भराव रंगाचा थर आहे, मल्टिप्लाय व स्क्रीन आहेत. शिवाय त्यातील ग्रुप मुळातच बंदिस्त असल्याने पास थ्रूची अडचण येत नाही. गिम्प हे दुसरे विनामूल्य सॉफ्टवेअर. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत थ्रेशोल्ड लावले की ते चित्रात कायमचे मुरत असे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर थरावर जिवंत राहतात व नंतर बदलता किंवा काढता येतात. तेथे एकाच थरावर आधी पांढरा भरून त्यावर काळे फटकारे ओढावेत आणि त्या थरास थ्रेशोल्ड लावावे. साधने बदलली तरी आकार, कड आणि रंग यांची फारकत तीच आहे.

ज्यांच्यापाशी डिजिटल पेन नाही, त्यांनी माऊसने झगडण्यापेक्षा कागदाकडे वळावे, हा आमचा आग्रहच समजावा. संगणक येण्यापूर्वी मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी हाताने रेखाटलेली अक्षरे पाहावीत; देवनागरीची जाड-बारीक वळणे किती ठाम कडेने उभी राहू शकतात, हे तेथे कळते. चपटा कुंचला किंवा बोरू घेऊन काळ्या शाईने जाड कागदावर अक्षर लिहावे, करड्या छटेत ६०० च्या घनतेने स्कॅन करावे आणि ते चित्र ग्रुपमधील फटकाऱ्यांच्या थराच्या जागी ठेवावे. कागदाचा पिवळेपणा, घडीची सावली, सारे उंबरठ्याच्या पलीकडे पांढऱ्यात जाते. वेलांटी तुटक दिसली तर आकडा वाढवावा. ‘ध’ आणि ‘घ’ यांची पोटे बुजू लागली तर कमी करावा. कोरड्या कुंचल्याचे खरखरीत शेपूट कोठवर ठेवावे हेही याच आकड्याने ठरते. ते पूर्ण काढून टाकू नये, हाताची खूण त्यातच असते.

राहिला जतन करण्याचा प्रश्न. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये असावे आणि काम त्याच्या प्रतीवर व्हावे. कामाची फाईल त्या त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात, म्हणजे पीएसडी, केआरए किंवा एक्ससीएफमध्ये ठेवावी. थर तेथेच टिकतात. जेपेगमध्ये थर तर जातातच, शिवाय माहिती दाबून बसविताना ठाशीव कडेभोवती करडी धूळ पसरते. छपाईवाल्यास पाठवावयाची प्रत पीएनजीमध्ये काढावी. ती व्हॉट्सअॅपवरून पाठवावयाची असेल तर छायाचित्र म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. छायाचित्र म्हणून पाठविल्यास वाटेत तिचा आकार लहान केला जातो आणि कडेची धूळ परत येते. फिल्म काढताना छपाईच्या खिडकीत कागदास बसवून घेण्याची जी खूण असते ती काढून टाकावी आणि माप शंभर टक्के ठेवावे, नाहीतर दोन रंगांच्या फिल्म एकमेकींवर जुळत नाहीत.